नव्या भागातली चांगली क्राफ्ट ब्रुअरी अशी शोधा

नव्या ठिकाणी राहायला गेलं की नकाशावर आधी दिसतात त्या जाहिरात करणाऱ्या मोठ्या जागा. छोट्या, मनापासून बिअर बनवणाऱ्या ब्रुअऱ्या खालीच राहतात. त्यापेक्षा असं करा:

१. बिअरच्या चांगल्या दुकानात जाऊन फ्रिजमधल्या कॅनवरची बारीक अक्षरं वाचा. बनवल्याचा पत्ता जवळचा असेल तर नाव टिपून घ्या.

२. ब्रुअरीत गेल्यावर थेट मोठा ग्लास नको, फ्लाइट मागवा. साधारण १००-१५० मिलीचे चार-पाच छोटे ग्लास येतात. त्यात एक पिल्सनर (फिकट सोनेरी, हलकी बिअर) हवीच, आणि सुरुवात तिच्यापासूनच करा. आयपीए या कडवट बिअरमधले हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) किंवा स्टाउट या काळ्या बिअरमधलं भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) बऱ्याच चुका झाकतं; पिल्सनरमध्ये काहीच लपत नाही. लोण्यासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास आला तर बनवण्यात काहीतरी कमी राहिलंय. ती स्वच्छ, कुरकुरीत लागली तर बाकीच्या बिअर निर्धास्त मागवा.

३. निघताना काउंटरवरच्या माणसाला विचारा, ‘सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः कुठे जाता?’ माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात आणि दुसऱ्याच्या चांगल्या बिअरचं मोकळेपणानं कौतुक करतात. मिळालेलं नाव हाच पुढचा पत्ता.

एक काळजी मात्र घ्याच: ग्लास छोटे असले तरी इम्पीरियल स्टाउटसारख्या कडक बिअरमध्ये ८ ते १२ टक्के अल्कोहोल असू शकतं. गाडी घरीच ठेवून जा.