दिव्याखालची मिरची: झाडं एका पातळीत ठेवायची असतील तर या चुका टाळा

घरात एलईडी पॅनेलखाली चार-सहा कुंड्यांत मिरची लावली की महिना-दीड महिन्यात बहुतेकांकडे एकच चित्र दिसतं. एक झाड दिव्याला टेकायला आलेलं, शेजारचं त्याच्या सावलीत पिवळं पडलेलं, आणि त्या पिवळ्याला खताचा जादा डोस चाललेला. गडबड तिथेच होते. सावलीतल्या झाडाची वाढ मंद असते, ते पाणीही कमी ओढतं. जादा खत मग कुंडीतच साठतं आणि मुळांना त्रास देतं. आधी उंचीचा निकाल लावा, खताचं नंतर बघू.

दिवा लहान असेल तर अंतर दुप्पट झाल्यावर प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. रुंद पॅनेलखाली घट इतकी तीव्र नसते, पण कडेच्या कुंड्यांना मधल्यांपेक्षा कमीच मिळतो. दिवा उंच झाडाच्या हिशेबाने ठेवला की बाकीची उपाशी राहतात. बुटक्याच्या हिशेबाने खाली आणला की उंचाचे शेंडे फिकट होतात आणि पानांच्या कडा वर वळतात. यावरचा उपाय अगदी साधा आहे. बुटकी कुंडी विटेवर चढवून मधोमध ठेवा, उंच झाड कडेला सरकवा. दोन-तीन दिवसांनी कुंड्या फिरवत राहिलात तर झाड एका बाजूला झुकतही नाही.

शेंडा खुडण्याची वेळ चुकणे

शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना (पानांच्या बगलेतल्या कोंबांना) दाबून ठेवतं, म्हणून झाड सरळसोट वर जातं. सहा ते आठ खरी पानं आल्यावर चौथ्या-पाचव्या पेराच्या वर शेंडा खुडला की बगलफुटी जोरात निघतात. मिरचीचं खोड पुढे आपोआप दुफाटतं आणि त्या बेचक्यात पहिली कळी येते. तोवर वाट पाहून मग खुडण्यात फारसा फायदा नाही, फळं मात्र उशिरा येतात. मुळातच बुटक्या, झुडूपवजा जातींना तर हात लावायचीही गरज नसते.

सगळ्या झाडांचे शेंडे एकाच दिवशी उडवायची हौसही आवरा. जोरकस झाड आधी खुडा. मागे पडलेल्याला आठवडाभर सवलत द्या, त्यानेच दोघांमधलं अंतर बरंचसं भरून येतं. खुडल्यावर काही दिवस झाड थांबल्यासारखं वाटतं. तेवढ्यात खत वाढवू नका.

फांदी फाटणे

मिरची वाकवताना बेचक्यात फाटते, आणि बहुधा नुकतंच पाणी दिलेलं असताना फाटते, कारण तेव्हा पेशी पाण्याने टम्म असतात. पाणी द्यायच्या थोडं आधी, फांद्या जराशा सैल असताना वाकवा. एका हाताच्या चिमटीत बेचकं घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने फांदी हळूहळू बाहेर, कुंडीच्या काठाकडे न्यायची. एका दमात आडवी करायची नाही. आज थोडी, तीन-चार दिवसांनी आणखी थोडी. बांधायला शिवणाचा दोरा नको, तो सालात रुततो. कापडाची रुंद पट्टी घ्या आणि फास सैल ठेवा. फांदी अर्धवट फाटली असेल तर लगेच जुळवून टेप गुंडाळा, पुष्कळदा ती सांधते.

खताचा गोंधळ

पान कुठलं बिघडलंय ते आधी बघा. जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम. हीच खूण सर्वांत वरच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह. लोह बहुतेक वेळा कुंडीत असतंच, सामू (पीएच) चढल्यामुळे झाडाला उचलता येत नाही. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, सामू ५.८ ते ६.२ च्या आसपास ठेवा. पानांची टोकं करपलेली, पानं गडद हिरवी आणि फुलं नाहीत, असं असेल तर नत्र जास्त झालंय.

कोकोपीट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं, म्हणून फक्त १९:१९:१९ वर (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेल्या खतावर) झाड फार दिवस निभत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट द्या, पण दोन्हींची दाट द्रावणं एकत्र ओतू नका. बादलीतलं पाणी दुधाळ होतं आणि तळाला जिप्सम बसतं, म्हणजे कॅल्शियम गेलं. भरपूर पाण्यात एक पूर्ण विरघळवून मग दुसरं घाला.

फळाच्या टोकाकडे खोलगट, करडा-तपकिरी डाग दिसला की लोक कॅल्शियमची फवारणी करतात. कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं. दोन दिवस कोरडं, मग एकदम चिंब, असं चाललं तर ते फळापर्यंत पोहोचत नाही. पाण्याची वेळ नीट लावली की पुढची फळं बरी येतात. प्रत्येक वेळी दिलेल्या पाण्याचा दहावा-पाचवा हिस्सा खालून निथळू द्या, आणि निथळलेल्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) दिलेल्यापेक्षा बराच चढा निघाला तर एक-दोनदा हलकं द्रावण सोडून क्षार धुऊन काढा.

शेवटी एक चकवा. शेंड्याची नवी पानं अरुंद, कडक, वेडीवाकडी येतात आणि खालची बाजू तपकिरी चकाकते, तेव्हा घाईने खताची बाटली उचलू नका. हे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कोळी (माइट्स) असू शकतात. चांगल्या भिंगाखाली पानाची मागची बाजू तपासा, शंका असेल तर ती कुंडी त्याच दिवशी बाजूला काढा, आणि बाकी झाडांना हात लावण्याआधी हात धुवा.