तान्ह्या बाळाला उचकी लागली, तर काय करावं

लेक पहिल्या बाळंतपणाला गुहागरला आमच्याकडे आली होती. बाहेर श्रावणसर, आत बारा दिवसांचा नातू दूध पिऊन उचक्या देत होता. दर उचकीला अख्खं अंग हलायचं, आणि लेक रडकुंडीला आलेली. "कोणीतरी आठवण काढतंय," म्हणत सासूबाईंनी दुपट्याची दशी ओली करून त्याच्या टाळूवर ठेवली. बाळ मात्र टकामका बघत होतं. त्याला काही होत नव्हतं, जीव आमचा खालीवर होत होता.

छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल एकदम आकसतं, श्वास आत ओढला जातो आणि घशातली फट झटकन मिटते, ती उचकी. गरोदरपणी शेवटच्या महिन्यांत पोटात लयीत बसणारे बारीक धक्के, त्याही बाळाच्या उचक्याच. जन्मानंतर बऱ्याचदा घाईघाईने पिताना हवा गिळली जाते, पोट फुगतं आणि पटलाला खालून दाबतं.

म्हणून आधी पाजणं थांबवा. ओठांच्या कडेने स्वच्छ करंगळी आत सारून पकड सोडवा, तशीच ओढू नका. मग बाळाला उभं खांद्यावर घ्या. एक हात मान-डोक्याला, दुसऱ्या हाताची ओंजळ करून पाठीवर हलकेच थोपटा. ढेकर आला नाही, तर मांडीवर बसवून हनुवटी बोटांवर पेला, किंचित पुढे झुकवा. गळ्यावर दाब नको. आमच्याकडे तिसऱ्या मिनिटाला ढेकर आला, उचकी त्यानंतरही थोडी चाललीच. चालू द्या. 20 मिनिटं उभं धरा, मग झोपवायचं ते पाठीवरच.

पुढच्या वेळी भुकेने टाहो फोडण्याआधीच पाजा. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. एक बाजू झाली की ढेकर, मग दुसरी.

मध कधीच चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोट्युलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. पाणी, बाळगुटी, ग्राइप वॉटरही नको. पहिले 6 महिने आईचं दूध पुरतं. बाळाला दचकवू नका, नाक दाबू नका. ती दशीसुद्धा मी हळूच उचलली, घरंगळून तोंडात गेली असती.

उचकी तासन्‌तास थांबत नसेल, पिताना बाळ पाठ ताणून रडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात, त्यांना पाजताना बघायला सांगा. हिरवी उलटी झाली किंवा ओठ निळे पडले, तर मात्र थांबू नका. वाडी खाडीपलीकडे असेल, तर गाडी शोधत बसण्याआधी 108 ला फोन लावा.