एबीजी की व्हीबीजी? सुई उचलण्याआधी प्रश्न ठरवा

दम लागलेला, गुंगीत असलेला किंवा साखर ५०० च्या वर गेलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की आपला हात सवयीने एबीजीसाठी, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता तपासायला, त्याच्या मनगटाकडे जातो. धमनीत सुई घालणं चांगलंच दुखतं. एका फटक्यात रक्त मिळालं नाही की रुग्ण हात आखडून घेतो, नातेवाईक चिडतात आणि मनगट सुजतं. पुष्कळदा याची गरजच नसते. सलाईनसाठी शीर धरताना तिथलंच १ मिली रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) सिरिंजमध्ये घेतलं तरी काम भागतं. शिरेतल्या रक्ताची हीच तपासणी म्हणजे व्हीबीजी.

आधी ठरवा, कळायला काय हवं आहे. रक्त किती आम्लयुक्त झालंय (पीएच), आम्ल शोषणारं बायकार्बोनेट किती उरलंय, पोटॅशियम आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल) किती, एवढंच हवं असेल तर शीर पुरते. ऑक्सिजनचा नेमका आकडा हवा असेल तर धमनीला पर्याय नाही. शिरेतला पीओटू (ऑक्सिजनचा दाब) हा पेशींनी ऑक्सिजन वापरून उरलेला असतो, साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. त्यावरून फुफ्फुसाबद्दल काहीच बोलता येत नाही. मात्र बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर नीट लहर दाखवत असेल, तर तो आणि व्हीबीजी मिळून बहुतेक रुग्णांचं चित्र उभं करतात.

फरक किती पडतो? रक्ताभिसरण ठीक असलेल्या माणसात शिरेतला पीएच धमनीपेक्षा ०.०३ ते ०.०४ ने कमी असतो आणि बायकार्बोनेट १ ते २ ने जास्त. हे दोन्ही भरवशाचे आहेत. पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) सरासरी ४ ते ६ मिमीने जास्त येतो, पण इथे सावध राहा. तफावत सरासरी ५ असली तरी एखाद्या रुग्णात ती १५ च्याही पुढे जाते. म्हणून ‘शिरेतल्या आकड्यातून ५ वजा केले की धमनीचा पीसीओटू’ हा हिशेब डोळे झाकून करू नका. त्याचा खरा उपयोग चाळणी म्हणून आहे. शिरेतला पीसीओटू ४५ च्या आत असेल तर धमनीत तो वाढलेला असण्याची शक्यता फारच कमी. ४५ च्या वर असेल तर एवढ्यावरून धमनीतला आकडा नक्की सांगता येत नाही. लॅक्टेटचंही असंच: शिरेत २ च्या आत आलं तर निश्चिंत राहा, वाढलेलं आलं आणि निर्णय त्यावरच अवलंबून असेल तर धमनीतून खात्री करून घ्या.

एक उदाहरण. मधुमेही तरुण, इन्शुलिन बंद केलेलं, श्वास खोल आणि जोरात चाललेला. व्हीबीजीत पीएच ७.०६, पीसीओटू २२, बायकार्बोनेट ६. बायकार्बोनेटवरून पीसीओटूचा अंदाज देणाऱ्या विंटरच्या सूत्राने (१.५ × ६ + ८ = १७, दोन इकडेतिकडे) पीसीओटू १५ ते १९ अपेक्षित. शिरेत आकडा थोडा जास्त येतो हे धरलं तर २२ त्याच्याशी जुळतात, म्हणजे श्वासाची भरपाई चालू आहे. इन्शुलिन आणि सलाईन सुरू करायला, पोटॅशियम बघायला, पुढे काही तासांनी पुन्हा तपासायला शीरच वापरा. अशा रुग्णाच्या मनगटाला दिवसातून चार वेळा भोकं पाडण्यात काहीच शहाणपण नाही.

दुसरं उदाहरण सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) आजोबांचं. व्हीबीजीत पीएच ७.२७, पीसीओटू ६८. कार्बन डायऑक्साइड साठलाय हे उघड आहे, बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र) लावायला उशीर नको. तासाभराने पीएच सुधारतोय का हे व्हीबीजीवर कळतं. पण सुधारत नसेल, किंवा श्वासनलिकेत नळी घालायचा विचार चालू असेल, तर एबीजी करा.

शॉकमध्ये मात्र शिरेवर विसंबू नका. रक्त पेशींजवळून संथ वाहतं, जास्त कार्बन डायऑक्साइड गोळा करतं आणि धमनी-शीर यांतलं अंतर वाढत जातं. हात थंडगार, बीपी ७०, ऑक्सिमीटर लहरच पकडत नाही: तिथे एबीजीच. व्हेंटिलेटरच्या सेटिंग ठरवताना आणि एआरडीएसमध्ये (फुफ्फुसं सुजून ऑक्सिजन घेईनाशी होतात तो आजार) पीओटू-एफआयओटूचं (श्वासातल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण) गुणोत्तर काढतानाही एबीजीच.

याउलट, गॅस गीझर लावलेल्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या माणसाचं निदान शिरेतल्या रक्तावर उत्तम होतं. कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, दोन्हीकडे जवळपास सारखंच असतं. फक्त मशीनमध्ये ते मोजणारा को-ऑक्सिमीटर आहे का ते आधी बघा. पल्स ऑक्सिमीटरचा ९९ टक्के इथे साफ फसवतो.

नमुना घेताना

तयार ड्राय हेपरिनची सिरिंज मिळाली तर तीच घ्या. नसेल तर २ मिलीच्या सिरिंजमध्ये १००० युनिट प्रति मिलीचं हेपरिन ओढा, आतून भिंती ओल्या करा आणि सगळं बाहेर ढकला. सुईत आणि टोकात राहतं तेवढंच पुरे. ०.२ मिली हेपरिन मागे राहिलं आणि रक्त जेमतेम अर्धा मिली आलं, तर पीसीओटू, बायकार्बोनेट आणि आयोनाइज्ड कॅल्शियम खोटेच कमी दिसतात. मग रुग्णाला नसलेला अॅसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) चिकटतो. निदान १ ते दीड मिली रक्त घ्या.

धमनीसाठी मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून हात थोडा मागे वाकवा. अॅलन टेस्ट करा: मनगटातल्या दोन्ही धमन्या दाबा, करंगळीकडची सोडा आणि तळहात पुन्हा लाल होतो का बघा. डायलिसिसची फिस्तुला (धमनी आणि शीर जोडलेली जागा) असलेला हात वापरू नका. २३ गेजची सुई ४५ अंशात, नाडीच्या दिशेने. रक्त स्वतःहून ठोके देत वर चढायला हवं, पिस्टन ओढावा लागला तर शंका घ्या. नंतर ५ मिनिटं दाबून धरा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर १०. हे काम नातेवाइकावर सोपवू नका, तो दुसऱ्या मिनिटाला उचलून बघतो.

शिरेसाठी पट्टा शक्य तितका कमी वेळ बांधा, शीर सापडली की सोडा आणि मिनिटभर थांबून रक्त ओढा. ‘मूठ उघडझाप करा’ म्हणू नका, त्याने पोटॅशियम आणि लॅक्टेट वाढतं. सलाईन चालू असलेला हात टाळा.

बुडबुडा लगेच काढा आणि तोंड टोपीने बंद करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथल्या हवेत श्वास घेताना आत जाणारा ऑक्सिजन १५० ऐवजी १४० मिमीच्या आसपास असतो. बुडबुडा पीओटूला त्याच आकड्याकडे ओढतो: साध्या हवेवरच्या रुग्णात वर, भरपूर ऑक्सिजनवरच्यात खाली. याच कारणाने इथल्या निरोगी माणसाचा पीओटू ९० च्या जरा खाली आला तरी घाबरू नये.

सिरिंज दोन तळव्यांत फिरवा आणि १५ मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात मशीनला लावा. पेशी सिरिंजमध्येही जगत असतात: ऑक्सिजन आणि साखर खातात, पीसीओटू आणि लॅक्टेट वाढवतात. प्लास्टिकच्या सिरिंजला बर्फ नको, त्यात पोटॅशियम वाढतं. गगनबावड्याहून आणलेला नमुना कोल्हापुरात तपासण्यात म्हणूनच अर्थ नाही. रुग्णाला पाठवा, रक्त इथे काढा. ऑक्सिजनचा वेग बदलला असेल तर २० ते ३० मिनिटं थांबून एबीजी घ्या.

शेवटी चिठ्ठी. त्यावर ‘धमनी’ की ‘शीर’, एफआयओटू किंवा किती लिटर ऑक्सिजन, ताप आणि वेळ लिहा. काही मशीन नमुना निवडला नाही तर तो धमनीचाच धरतात आणि शिरेतल्या पीओटू ३८ ला लाल खूण करून देतात. रात्रपाळीचा डॉक्टर तो कागद बघून रुग्णाला नळी घालायला धावतो. रुग्ण बोलतोय, ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय आणि कागदावर सॅच्युरेशन ७० आलंय, तर आधी सिस्टरना विचारा, रक्त कुठून काढलं.