लग्नाचं जुनं शूटिंग डिलीट करताना कॉम्प्युटर अडकतो?

दर्यापूरकडच्या आमच्या गावात लगनसराई संपली की फोटो स्टुडिओवाल्यांची हार्ड डिस्क गच्च भरते. 4 जीबी रॅमच्या मशीनवर हजारो फोटोंचं फोल्डर डिलीटला लावलं, की पट्टी ‘मोजणी सुरू’वरच थांबते, मेमरी चढत जाते आणि माउसही हलेना. कारण विंडोज आधी एकेक फाईल मोजतं, मग रिसायकल बिनमध्ये नोंदवतं.

अशा वेळी ते रद्द करा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘विंडोज एक्सप्लोरर’ रीस्टार्ट करा. अडकलेली मेमरी बहुधा मोकळी होते.

मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे लिहून हुकूम द्यायची काळी खिडकी, उघडा आणि फोल्डर पुसायला त्यात हे टाइप करा. आरडी ही दोन इंग्रजी अक्षरं, जागा (स्पेस), प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ आणि एस, जागा, पुन्हा तीच रेघ आणि क्यू, जागा. आता फोल्डर माउसने ओढून त्या काळ्या खिडकीत सोडा, पत्ता आपोआप उमटतो. तो नीट वाचा, मगच एंटर. इथं रिसायकल बिन नाही, गेलं ते गेलं. म्हणून नवरीकडच्यांना पेनड्राइव्ह पोचला का, हे आधी फोन करून विचारा.