डोगोन भाषांचे वर्गीकरण करताना या चुका टाळा

मालीत बांदियागाराच्या कड्यावर, त्याच्या माथ्यावरच्या पठारात आणि पायथ्याच्या मैदानात मिळून वीसच्या आसपास डोगोन भाषा बोलल्या जातात. हे भाषाकुल छोटे, पण ते नेमके कुठे बसवायचे याचा घोळ जुना आहे.

'डोगोन' ही एक भाषा समजणे. जुन्या शब्दयाद्यांवर नुसते 'डोगोन' किंवा त्यांचे जुने नाव 'हाबे' एवढेच लिहिलेले सापडते. यादी तोरो सो, जामसाय, नजाम्बा यांपैकी कुठल्या डोगोन भाषेची हे कळेपर्यंत ती बाजूला ठेवा. लांबलांबच्या गावांतल्या डोगोन भाषकांना एकमेकांचे बोलणे कळत नाही. या बोली नव्हेत. तोरो सोला मालीत प्रमाणभाषेचा मान मिळाला, म्हणून ती बाकीच्यांची प्रतिनिधी ठरत नाही.

लोकांची ओळख तीच भाषेची ओळख मानणे. इथे भलेभले फसतात. कड्याच्या पश्चिम भागात बांगांदे लोकांची मोजकी गावे आहेत. ते स्वतःला डोगोन म्हणवतात आणि आपली भाषाही डोगोनच असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात त्यांच्या बांगीमे भाषेचे नाते डोगोनशीच काय, जगातल्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेले नाही. शेजाऱ्यांकडून घेतलेले शब्द मात्र तिच्यात आहेत, त्यामुळे घाईत केलेली छोटी यादी डोगोनसारखी दिसू शकते. शब्दांच्या तुलनेच्या तक्त्यातला एखाद्या भाषेचा रकाना असा वागू लागला, की काही शब्द जवळजवळ जसेच्या तसे जुळतात आणि शरीराचे अवयव, सर्वनामे, रोजची क्रियापदे अजिबात जुळत नाहीत, तर उसनवारीचा संशय घ्या. तो रकाना ठेवून मूळ डोगोनची, म्हणजे या सगळ्या भाषांच्या पूर्वज भाषेची, पुनर्रचना केलीत, तर सगळे नियम वाकडे होतील. बांगांदेंची डोगोन ही ओळख खोटी आहे असे मात्र यातून निघत नाही. ती त्यांची त्यांनी ठरवायची.

वाक्याच्या घडणीवरून नाते लावणे. डोगोनमध्ये क्रियापद शेवटी येते. दूर नायजर नदीच्या मुखाकडच्या इजो भाषांतही येते. मराठी आणि कन्नडमध्येही येते, तरी कुणी त्यांना एका कुलात घालत नाही. डोगोन आणि इजो दोन्हीकडे आफ्रिकेतल्या बांटू भाषांसारखे नामवर्ग (नामांचे लिंगासारखे गट) नाहीत, हाही पुरावा तोकडाच. एकच गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे गळून पडू शकते.

अंकांवर विसंबणे. भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गने 1963 मध्ये डोगोनला नायजर-काँगो कुलाच्या गुर शाखेत टाकले. आता जामसायमधले तीन आणि चार पाहा: 'तान', 'नाय'. गुर शाखेतल्या मोरे भाषेत 'ताबो', 'नासे'. जुळले! पण त्याच कुलाच्या अटलांटिक शाखेतल्या फुलफुल्दे भाषेतही 'ताती' आणि 'नाय' आहेत. म्हणजे हे साम्य फार तर नायजर-काँगो या मोठ्या कुलाकडे बोट दाखवते, गुरकडे नाही. ('तान' आपल्या 'तीन'सारखा वाटतो, तो निव्वळ योगायोग.)

कुठेतरी बसवलेच पाहिजे हा हट्ट. बरेच जण डोगोनला नायजर-काँगोची वेगळी शाखा मानतात. ग्लॉटोलॉग ही जगातल्या भाषांची सूची मात्र तिला स्वतंत्र कुल म्हणून नोंदवते. तुमच्या कुलवृक्षाच्या आकृतीत अनिश्चित नात्यासाठी तुटक रेघ चालेल. त्याआधी धर्म आणि बाजार यांच्याशी जोडलेले शब्द चाळून काढा, कारण त्यांतले बरेचसे अरबी किंवा फुलफुल्दे निघतील, आणि उरलेल्या यादीवर ध्वनींचे नियम पुन्हा तपासा.