नुसतं 'छान' आणि 'पुलेशु' पदरी पडतंय? अभिप्राय मागताना या चुका टाळा

लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर कथा टाकली की तासाभरात तीन-चार 'छान', एखादं 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि खाली 'क्रमशः' असेल तर 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) हे ठरलेलं. मग लेखक कुरकुरतो की हल्ली कुणी मनापासून वाचतच नाही. मला तसं वाटत नाही. घोळ बहुतेकदा मागणाऱ्याकडूनच झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कथेखाली 'कशी वाटली, नक्की कळवा' एवढंच लिहिणं. लग्नाच्या पंगतीत यजमानाने 'जेवण कसं झालंय?' विचारल्यावर भाजी खारट आहे असं कोण सांगतं? 'छान' म्हणून सुटताच येणार नाही असं काहीतरी विचारायला हवं. समजा, तुमच्या कथेतले आप्पा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आहेत आणि शेवटी ते धाकट्या भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करतात. तर असं विचारा: आप्पा सही करणार असं तुम्हाला कुठे वाटायला लागलं? वाचताना कुठल्या ओळी गाळून पुढे गेलात? भावाबद्दल काय मत झालं? दोघातिघांनी 'सही करतील असं कुठेच वाटलं नव्हतं' म्हटलं, तर नुसता शेवट खरवडून उपयोग नाही. भाऊ आख्ख्या कथेत फक्त फोनवर बोलला असेल, तर त्याला एकदा तरी ओसरीवर आणून आप्पांसमोर बसवावं लागेल.

'ही गोष्ट कुणाची आहे, एका ओळीत सांगा' हाही माझा आवडता प्रश्न. तुम्ही लिहिली आप्पांची आणि सगळे सुनेचं नाव घेतायत, असं सर्रास होतं. लिहिता लिहिता कथा तिच्याकडे सरकलेली असते. तिथेच राहू द्यायची की मागे खेचायची, हे मात्र तुम्हीच ठरवायचं.

दुसरी चूक खुलाशांची. 'आप्पा एवढे का चिडले?' असं कुणी विचारायचा अवकाश, की लेखक सुरू होतो: त्यांच्या वडिलांनी मोठ्याला शाळेतून काढून नोकरीला लावलं, धाकट्याला मात्र शिकवलं, तो सल आहे वगैरे. सल असेलही, पण तो कथेत कुठे आहे? खुलासा जरूर टाइप करा, पाठवू मात्र नका. त्यातलंच एखादं वाक्य बऱ्याचदा कथेत हवं असतं. वाचकाला 'नोंद घेतली' एवढं बास. वाद घालणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही, हा तोटा वेगळाच.

याच्या अगदी उलट, जो जे सांगेल ते करणारेही असतात. एकजण म्हणतो आप्पांना मारा, दुसरी म्हणते सून खाष्ट दाखवा, आणि चौथ्या खर्ड्यापर्यंत कथेची टीव्ही मालिका झालेली असते. वाचक जिथे अडखळला ती जागा खरी धरावी. त्याने सुचवलेला उपाय मात्र बहुधा त्याने स्वतः लिहिली असती त्या कथेचा असतो. तिघं एकाच परिच्छेदावर अडले तर तो परिच्छेद पुन्हा लिहा. एकटाच अडला असेल तर थोडे दिवस जाऊ द्या. जुना खर्डा मात्र वेगळा जपून ठेवाच.

सगळे अभिप्राय ऱ्हस्व-दीर्घावरच आले? मग लोकांचा वेळ तुम्हीच तिकडे घालवलात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सगळे मिळून 18 आहेत: 1962 मधले 14 आणि 1972 मध्ये जोडलेले 4. एका संध्याकाळी वाचून होतात. संवाद बोलीत असतील तर वर तसं सांगून टाका, नाहीतर 'गेलतो'चं 'गेलो होतो' करून देणारा एकजण हमखास भेटतो.

कुणीच काही बोललं नाही तर आधी स्वतःच्या फोनवर फाइल उघडून पाहा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्या. गूगल डॉक्सची लिंक देताना निदान 'कमेंटर'ची परवानगी दिली नाही, तर समासात काही लिहिताच येत नाही. आणि पाच हजार शब्द एकदम कोण वाचणार? सुरुवातीचे सात-आठशे टाका आणि पुढे वाचावंसं वाटतंय का, तेवढंच विचारा.

स्पर्धेसाठी किंवा दिवाळी अंकासाठी राखलेली कथा उघड्यावर टाकू नका. 'पूर्वप्रकाशित नसावी' ही अट बऱ्याच ठिकाणी असते, आणि फेसबुकवर टाकलेलं लिखाणही काही संपादक प्रकाशितच धरतात. अशी कथा दोन-तीन भरवशाच्या लोकांना खासगीत द्या. असे लोक आयते मिळत नाहीत. आधी त्यांचं लिखाण तुम्ही नीट वाचलेलं असावं लागतं. शिवाय बऱ्याच दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, त्यामुळे मुदतीच्या आदल्या रात्री 'जरा नजर टाकता का' म्हणण्याऐवजी मे महिन्यातच कथा त्यांच्या हातात द्या.