भौतिकशास्त्राकडून पेशीकडे वळताना

भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाखल झालो, तेव्हा समीकरणे मांडता येणे हीच आपली जमेची बाजू आहे, असे मी धरून चाललो होतो. जीवाणूतील एका प्रथिनाचे प्रमाण काळानुसार कसे बदलते याचे प्रतिमान मी बारा प्राचले (मोजमापांशी जुळवून ठरवायचे आकडे) घेऊन उभे केले आणि ते मोजमापांशी छान जुळले. इतकी प्राचले हाताशी असली की जवळपास कोणताही वक्र जुळवता येतो, हे मात्र तेव्हा लक्षात आले नाही. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, की प्रथिन नष्ट होण्याचा हा दर आणला कुठून? जीवाणूतील बहुतेक प्रथिने टिकाऊ असतात, आणि त्यांची घट होते ती मुख्यतः पेशी वाढून विभागल्यामुळे. भरपूर पोषण मिळाले तर ई. कोलाय हा आतड्यात आढळणारा जीवाणू सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे हा दर 0.693 (2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले 20, मिनिटाला साधारण 0.035 इतका येतो. जो आकडा घड्याळ लावून मिळाला असता, तो मी संगणकाकडून जुळवून घेत होतो.

नवख्याने समीकरणाआधी असे ढोबळ हिशेब करावेत, असे माझे मत आहे. ई. कोलायचे आकारमान साधारण 1 घन मायक्रोमीटर असते. तेवढ्या जागेत एकच रेणू असला तरी त्याची संहती (द्रावणातील प्रमाण) 1.6 नॅनोमोलरच्या घरात जाते. पेशीच्या आत प्रथिनाचा विसरण गुणांक (रेणू आपोआप किती झपाट्याने पसरतात याचे माप) सेकंदाला 10 वर्ग मायक्रोमीटर धरला, तर 1 मायक्रोमीटर अंतराला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. पण वेळ अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे 1 मीटर लांबीच्या चेतातंतूत त्याच प्रथिनाला दीड हजारांहून अधिक वर्षे लागतील. अशा पेशीत माल वाहून नेण्यासाठी 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकणारे कायनेसिन हे वाहक प्रथिन का लागते, ते इथेच उलगडते.

संगणकावरील आज्ञावली काम करता करता येते. संभाव्यताशास्त्र मात्र नेटाने शिकावे लागते. लुरिया आणि डेलब्रूक या शास्त्रज्ञांनी 1943 साली जीवाणूंना विषाणूपासून वाचवणारी उत्परिवर्तने (जनुकीय बदल) त्या विषाणूशी गाठ पडण्याआधीच घडतात हे दाखवले, ते सरासरीवरून नव्हे, तर वेगवेगळ्या वाढवलेल्या जीवाणूंच्या एका संवर्धनातून दुसऱ्यात दिसणाऱ्या प्रचंड तफावतीवरून. (डेलब्रूक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, ही गोष्ट मला तेव्हा फार धीर देऊन गेली.) माझ्या प्रतिमानाची खरी परीक्षाही तिथेच झाली. प्रथिनाचे रेणू एकेक करून ठरावीक दराने तयार होत असतील, तर रेणूसंख्येचे प्रचरण (सरासरीभोवतीच्या विखुरणीचे माप) सरासरीइतकेच यायला हवे. आम्ही पेशीगणिक मोजले, तेव्हा ते कितीतरी पट अधिक निघाले. एका संदेशवाहक आरएनएपासून (जनुकातील माहिती प्रथिन बनवण्यासाठी नेणाऱ्या रेणूपासून) प्रथिनाचे अनेक रेणू एकदम बनतात, उत्पादन झटक्याझटक्याने होते, एवढे मान्य केले की हिशेब लागला, आणि त्यासाठी झटक्यांची वारंवारता व त्यांचा सरासरी आकार ही दोनच प्राचले पुरली.